एकच फोन, पाचवीतली मुलगी आणि शुक्रवारचा बाजार: नक्की कुठले ॲप घ्यावे?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. तुमची मुलगी चौथीपर्यंत डिचोली तालुक्यातल्या गावच्या मराठी शाळेत शिकली, वर्गात पहिल्या तिघांत असायची. यंदा पाचवीला हायस्कुलात गेली आणि गणित-विज्ञानासकट सगळे एकदम इंग्रजीतून सुरू झाले. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ६. घरात स्मार्टफोन एकच, तोही तुमचा. त्याच्यावरच सोलां (आमसुले) आणि पापडांची गिऱ्हाइके, दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येणारे पैसे आणि सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांची आठवण. शेजारीण म्हणते, वर्षाचे पैसे भरून शिकवणीचे ॲप घ्या. भाऊ म्हणतो, मुलीच्या हातात फोनच देऊ नका. आणि तुम्ही विचारता, नक्की कुठले ॲप घेऊ?

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात २४ वर्षे पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गेली पाच-सहा वर्षे दर शनिवारी दुपारी गावच्या वाचनालयात बायकांना फोन वापरायलाही शिकवते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या आहेत. ॲप्सची नावे सांगतेच, पण आधी अडचण कुठली आहे ते नीट पाहू.

तुमच्या मुलीला गणित येत नाही असे मला अजिबात वाटत नाही. प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून, ही वाट गोव्यातल्या कितीतरी घरांनी चाललेली आहे. मीही तीच चालले. दर जूनमध्ये माझ्या वर्गात हेच दिसते. दोन वर्षांमागे एका मुलीला मी फळ्यावर उदाहरण घातले: झाडावर १२ आंबे होते, ५ पडले, 'हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट?' तिने वहीत सुंदर झाड काढले, आंबे काढले, मग झाडाच्या डाव्या अंगाचे आंबे मोजले आणि उत्तर लिहिले ४. कवायतीत 'लेफ्ट-राइट' ती पहिलीपासून ऐकत आली होती, म्हणून लेफ्ट म्हणजे डावा हे तिला पक्के माहीत. बारातून पाच गेले तर किती राहिले, हे तिला मराठीत विचारले असते तर झोपेतही सांगितले असते. वजाबाकी तिला येत होती, अडला होता तो एक शब्द. आणि त्या एका शब्दामुळे ती घरी जाऊन आईला सांगत होती, 'मला गणित येईना.'

म्हणून शिकवणीचे महागडे ॲप घेण्याआधी थांबा असे मी सांगते. त्या ॲप्समधले बहुतेक व्हिडिओ गणित पहिल्यापासून पुन्हा शिकवतात, तेही भराभर इंग्रजीत. म्हणजे जे तिला येते तेच पुन्हा, आणि जे येत नाही त्या भाषेत. माझ्या भावाच्या घरी असेच झाले. एका कंपनीचा माणूस घरी आला, मुलाला चार प्रश्न विचारले, 'मुलगा मागे पडलाय' म्हणाला आणि टॅबसकट दोन वर्षांचा अभ्यासक्रम हप्त्यावर गळ्यात मारून गेला. मुलाने तीन आठवडे तो पाहिला, हप्ते मात्र पुढे दीड वर्ष चालले. पोराला भीती दाखवून विकले जाते ते दारातूनच परत पाठवा. आणि कुठल्याही ॲपने 'सात दिवस फुकट' म्हणून यूपीआयवर ऑटोपेची, म्हणजे पुढे पैसे आपोआप कापून घेण्याची, परवानगी मागितली, तर ती देऊ नका. चुकून दिली गेली असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडून रद्द करता येते.

आता, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरात रेंज येते का? २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोणातली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, आजही आमच्या काही वाड्यांवर घरात बसून व्हिडिओ चालत नाही. मुलीला इंग्रजी अक्षरे जोडून वाचता येतात, की अजून एकेक अक्षर लावते? संध्याकाळी तिच्याजवळ बसायला कोणी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वजन देते. बसणाऱ्याला इंग्रजी येण्याची गरज नाही. तुमच्या सासूबाई बसल्या तरी चालतील, का ते पुढे सांगते.

पहिले काम शब्दांचे. फोनमध्ये गूगल ट्रान्सलेट फुकट मिळते. जिथे वायफाय आहे तिथे एकदा मराठी आणि इंग्रजी भाषांच्या फायली उतरवून ठेवल्या की शब्दांचे अर्थ नेट नसतानाही पाहता येतात. त्यात कॅमेरा पुस्तकावर धरला की पानावरचे इंग्रजी मराठीत दिसायला लागते. मुलांना हे फार आवडते आणि नेमकी तिथेच गफलत होते. अख्खे पान भाषांतर करून वाचले की मूल मराठी वाचते, इंग्रजी बाजूला पडते आणि वर मराठीही चुकीचे असते. माझ्या वर्गात मी 'प्रॉडक्ट'चे 'उत्पादन' झालेले पाहिले आहे, गणितात तो गुणाकार. 'ऑड नंबर'ची 'विचित्र संख्या' झालेली पाहिली आहे, ती विषम संख्या. 'व्हॉल्यूम' म्हणजे घनफळ, फोनने सांगितले 'आवाज'. पाचवीतले मूल फोनवर विश्वास ठेवते, आणि ६३ हे ७ आणि ९ चे 'उत्पादन' आहे हे वाचून आणखी गोंधळते.

म्हणून माझा नियम असा: पान नको, शब्द घ्या. धडा सुरू झाला की मुलीने पेन्सिलीने न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. माझ्या अंदाजाने गणिताच्या एका धड्यात असे शब्द १२ ते १५ च्या वर क्वचितच जातात. एक जुनी वही घेऊन पानाचे तीन रकाने करायचे: पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात चित्र किंवा छोटे उदाहरण. परिमिती असेल तर शेताला घातलेले कुंपण काढायचे. क्षेत्रफळ असेल तर त्याच शेतातला भात रंगवायचा. हे चित्र मुलीनेच काढले पाहिजे, फोनवरून उतरवून नको.

मराठी शब्द बरोबर आहे की नाही हे कसे ताडायचे? तिचे चौथीचे गणिताचे पुस्तक टाकू नका, तोच तुमचा पहिला शब्दकोश. अंश, छेद, सम, विषम, बाकी हे सगळे ती त्यातच शिकली आहे. विज्ञानाच्या शब्दांसाठी मी विकिपीडिया वापरते. इंग्रजी लेख उघडायचा आणि भाषा बदलण्याच्या खुणेवरून मराठी निवडायचे. 'फोटोसिंथेसिस'वरून गेले की समोर 'प्रकाशसंश्लेषण' येते. माणसांनी लिहिलेला लेख असल्यामुळे शब्द त्या विषयातला मिळतो. मराठी लेख पुष्कळदा तोकडा असतो, पण आपल्याला हवे ते शीर्षक मिळाले की पुरे. मोठ्या इयत्तांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही इंटरनेटवर पाहता येतात, पण पाचवीला तेवढे खोल जायला नको.

आणखी एक, जे मला स्वतःला समजायला बरीच वर्षे लागली. मुले मोठ्या शब्दांना अडत नाहीत, लहान शब्दांना अडतात. 'डिनॉमिनेटर' लांबलचक आहे म्हणून शिक्षक तो दहादा सांगतात, मुलेही पाठ करतात. पण 'ईच', 'लेफ्ट', 'ऑल टुगेदर', 'ॲट लीस्ट', 'हाऊ मेनी मोअर' हे कोणी शिकवतच नाही. उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी हे मात्र त्यांच्यावरच ठरते. तुमच्या मुलीच्या वहीचे पहिले पान याच शब्दांचे असू द्या. तिची चाचणीची उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर काढून बघा. गेलेल्या १४ गुणांतले किती गुण आकडेमोडीत गेले आणि किती प्रश्न न कळल्यामुळे, हे तिच्या शेजारी बसून मोजा. प्रत्येक प्रश्न तिला मराठीत विचारा आणि बघा येतो का.

शब्द लिहिले, पण ते लक्षात कसे राहणार? इथे फोनचा खरा उपयोग आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले किती वेगाने विसरते आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी किती उपयोगी पडते, हे त्यांत दिसले. अँकी नावाचे ॲप याच तत्त्वावर चालते. अँड्रॉइडवर ते 'अँकीड्रॉइड' म्हणून फुकट मिळते, जाहिराती नाहीत, नेटशिवाय चालते. एका बाजूला 'रिमेंडर', दुसऱ्या बाजूला 'बाकी', अशी पत्ती करायची. मुलगी उत्तर आठवते, पत्ती उलटते आणि सोपे गेले की कठीण ते सांगते. सोपे गेलेले चार-आठ दिवसांनी पुन्हा समोर येते, चुकलेले लगेच. दिवसाला १० मिनिटे बास. दिसायला ॲप रूक्ष आहे, बक्षिसे नाहीत, नाचणारी अस्वले नाहीत. मला ते त्याचमुळे बरे वाटते.

पण तुमच्याकडे फोन एकच, आणि शुक्रवारी तो म्हापशाला असतो. तर हेच काम फोनशिवाय करा. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका घरात ढीगभर पडलेल्या असतात, त्यांचा कागद जाड असतो. त्यांचे पत्त्यांएवढे तुकडे कापा आणि मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. नवी पत्ती पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आले की पुढच्या कप्प्यात, चुकले की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, पुढचे दोन त्याहून उशिरा. ही कप्प्यांची युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडली. आणि इथेच सासूबाईंना बसवा. त्यांना इंग्रजी नको, पत्तीची मराठी बाजू त्यांच्याकडे असेल. त्या म्हणतील 'बाकी', नात म्हणेल 'रिमेंडर'. आमच्या गावातल्या एका घरात आजी-नातीचा हा खेळ दिवेलागणीनंतर वर्षभर चालला. वार्षिक परीक्षेपर्यंत आजीलाही चाळीसेक इंग्रजी शब्द येऊ लागले होते.

वाचनासाठी दोन गोष्टी. गूगलने २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाने एक ॲप आणले, पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. मूल मोठ्याने वाचते, फोन ऐकतो, अडलेला शब्द म्हणून दाखवतो. इंग्रजीबरोबर मराठी गोष्टीही आहेत. मी मुलांना आधी चार दिवस मराठीच वाचायला लावते. वाचता येते हा विश्वास बसला की इंग्रजीकडे वळायचे. दुसरी युक्ती त्याहून साधी. कीबोर्डवरच्या माइकची भाषा 'इंग्लिश, इंडिया' करा आणि मुलीला पुस्तकातले एक वाक्य वाचायला सांगा. तिने वाचलेले फोनने तसेच लिहिले तर उच्चार बऱ्यापैकी बरोबर. पण फोन मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाजही बांधतो, त्यामुळे दर वेळी चूक तिचीच असेल असे नाही. हे तिला आधीच सांगा, नाहीतर हिरमुसते.

समजण्यासाठी व्हिडिओपेक्षा हाताने हलवता येईल अशी चित्रे बरी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प २००२ पासून चालू आहे, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला. संकेतस्थळावर गणित-विज्ञानाची शंभराहून जास्त चित्रे आहेत, ती बोटाने ओढून चालवायची, आणि त्यांतली बरीच मराठीतही केलेली आहेत. अपूर्णांकांच्या चित्रात भाकरीसारख्या गोलाचे तुकडे पाडायचे, उचलून ठेवायचे, खाली आकडा बदलत जातो. मराठीत असेल ते आधी मराठीत खेळू द्या आणि दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत. चित्र ओळखीचे असते, फक्त नावे बदलतात, आणि आपल्याला तेवढेच तर हवे आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने उघडतात. केंद्र सरकारने ते २०१७ मध्ये सुरू केले. धडा एकदा उतरवून ठेवला की नंतर नेट लागत नाही. त्यातले सगळेच व्हिडिओ चांगले नाहीत, निवडून घ्या.

प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी नवी ॲप्स आली आहेत, त्यांच्याबद्दल एवढेच सांगते. गेल्या वर्षी मी मुलांना चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर, १० ओळी लिहून आणायला सांगितल्या. एका मुलीचा निबंध अगदी शुद्ध, सुबक. त्यात मंडप होता, सार्वजनिक गणपती होता, ढोलपथक होते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळे-पाने बांधून केलेली मांडणी, नव्हती! ज्या घरात चार दिवस रानात फिरून माटोळी बांधतात त्या घरची ती मुलगी. मी रागावले नाही. तिला म्हटले, तुमच्या माटोळीला काय काय बांधता ते फक्त सांग. तिने न थांबता सांगितले: सुपारीचे घोस, तोरिंग, आंबाडे, कवंडळे, हलवली की खुळखुळणाऱ्या घागऱ्यो, आणि पुढे कितीतरी. मग त्या नावांचाच धडा केला. घरून फोटो आणले, फोटोवरून झाडे-फळे ओळखणाऱ्या गूगल लेन्सने आणि आयनॅचरलिस्टने इंग्रजी आणि शास्त्रीय नावे शोधली. काही बरोबर निघाली, काही साफ चुकली आणि ती चूक आजीने पकडली. ॲपने खाण्याजोगे सांगितले म्हणून रानातले फळ तोंडात घालायचे नाही, हेही तेव्हाच बजावले. उत्तर लिहून देणारे ॲप वापरायचेच असेल तर त्याला 'मला या धड्यावर पाच सोपे प्रश्न विचार' असे सांगावे आणि उत्तरे मुलीने वहीत लिहावीत.

म्हणजे मुलीसाठी फोनमध्ये एवढेच: ट्रान्सलेट, अँकी, वाचनाचे एक ॲप आणि ब्राउझर. सगळे फुकट. दिवसाला मिळून ३० ते ४० मिनिटे, आणि शेवटची १० मिनिटे फोन बंद करून वहीवर.

आता फोन तिच्या हातात द्यायचा, तर त्यात तुमचे पैसे आहेत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' असते. ते चालू करा आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही चालू ठेवा. मग अँकी उघडून पिन केले की मुलगी त्यातच राहते, बाहेर यायला तुमचा आकडा लागतो. तो आकडा आणि यूपीआयचा पिन एकच ठेवू नका. माझ्या शनिवारच्या वर्गात निम्म्याहून जास्त बायकांचे दोन्ही पिन सारखेच असतात.

बाजारातले पैसे. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि म्हापशात आज भाजीवाल्यापासून पणत्या विकणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांकडे तो चौकोनी कोड आहे. तुम्ही लिहिले आहे की गिऱ्हाइकाने 'पैसे गेले' म्हणून फोन दाखवला, आणि रात्री घरी पाहिले तर आलेच नव्हते. तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघून माल देऊ नका. मेसेजवरही विसंबू नका, तो खोटा पाठवता येतो आणि गर्दीत खरा उशिरा येतो. तुमच्याच यूपीआय ॲपमध्ये व्यवहारांची यादी उघडून रक्कम दिसली की मगच पिशवी हातात द्या. गर्दीच्या वेळी ते जमत नसेल तर पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा स्पीकर घ्या, त्याचे भाडे तुमच्या शुक्रवारच्या विक्रीला परवडते का ते आधी बघा. आणि हे एक वाक्य सासूबाईंनाही पाठ करून द्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात.

माझ्या वर्गातल्या एका काकींना मेसेज आला, 'बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडणार.' खाली नंबर होता. त्या घाबरल्या, फोन केला, पलीकडच्या माणसाने एक फाइल पाठवून ॲप टाकायला लावले आणि फोनचा पडदा त्याला दिसू लागला. १५ मिनिटांत खात्यातले पैसे गेले. त्यांच्या मुलाने लगेच १९३० वर फोन लावला म्हणून काही रक्कम तरी अडवता आली. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा नंबर आहे. तो फोनमध्ये नाव घालून ठेवा, कारण त्या वेळी काही आठवत नाही. प्ले स्टोअरच्या बाहेरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलीतून ॲप कधीही टाकायचे नाही, मग ते बँकेच्या नावाचे असो की लग्नपत्रिकेच्या.

सोलां वाळवायला ऊन लागते आणि मे महिन्यात वळीव कधी येऊन भिजवील याचा नेम नसतो. हवामान खात्याचे 'मौसम' ॲप मी वापरते. शेतीसाठी 'मेघदूत' आहे, २०१९ चे, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा सल्ला येतो, मराठीतही मिळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' जवळपास विजा होत असल्या तर सावध करते. अंगणात सोलां पसरून कुळागरात (सुपारीच्या बागेत) जाणारीला ते कामाचे आहे. अंदाज चुकतोही, तेव्हा आभाळ बघणे सोडू नका.

गिऱ्हाइकांना लिहायचा कंटाळा येतो म्हणता, तर कीबोर्डचा माइक मराठीवर ठेवून बोला, तो लिहितो. आपण बोलताना कोकणी मिसळतो तिथे तो अडखळतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ पासून कोकणीही आहे, पण माझ्या अनुभवात ते अजून कच्चेच आहे.

हिशेबासाठी वेगळे ॲप शोधू नका. हिशेब मुलीकडे द्या. शुक्रवारी रात्री यूपीआयची यादी आणि पिशवीतली रोकड समोर ठेवून तिने वहीत लिहायचे: किती पाकिटे नेली, किती विकली, किती 'लेफ्ट'. तुमच्या घरचा 'लेफ्ट' तिला कधी डावीकडचा वाटणार नाही. पाकीट ८० रुपयांचे, खर्च ५५, तर 'ईच' पाकिटामागे काय सुटले? माझ्या वर्गात टक्केवारी ज्या मुलांना लवकर कळली त्यांतली बरीचशी दुकानदारांची, बाजारात बसणाऱ्यांची मुले होती.

सासूबाईंच्या गोळ्यांसाठी फोनमध्ये गजर लावलात, पण शुक्रवारी तो गजर म्हापशाला वाजतो आणि गोळी घरी राहते. त्यांच्यासाठी साधा बटणांचा फोन घ्या, त्यातही रोजचा गजर लागतो आणि चार्ज चार-पाच दिवस टिकतो. सात दिवसांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी चिठ्ठी समोर ठेवून तुम्ही आणि मुलीने मिळून ती भरा. चिठ्ठीचा स्वच्छ फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या, रात्री-अपरात्री डॉक्टरांनी विचारले तर गोळीचे नाव लगेच सांगता येते. साखरेचे आकडे तारखेसह वहीतच लिहा. कुठल्याही ॲपने काही सांगितले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी-जास्त करू नका.

या आठवड्यात एवढेच करा: उत्तरपत्रिका काढून मोजणी, आणि लग्नपत्रिका कापून पहिल्या २० पत्त्या. ॲप पुढच्या सोमवारी टाकले तरी चालेल. मुलीच्या वर्गशिक्षिकेलाही भेटा आणि विचारा, ती वर्गात अडली की मराठीत विचारू शकते का. आमच्यापैकी बहुतेक जणी हो म्हणतील. तिचा आता कुठला धडा चालला आहे आणि उत्तरपत्रिकेत काय सापडले ते मला कळवा, त्या धड्याचे शब्द मी काढून देते. माझ्याकडे पाचवीच्या बऱ्याच धड्यांच्या याद्या हाताने लिहिलेल्या आहेत.